ताडपत्रीखालची फियाट

पेठेतल्या जुन्या वाड्याच्या मागच्या अंगणात किंवा गोदामाच्या एखाद्या कोपऱ्यात ताडपत्रीने झाकलेली मोटार उभी असणे, हे महाराष्ट्रातल्या व्यापारी गावांना नवे नाही. ताडपत्री उचलावी, तर आत पुष्कळदा फियाट निघते. तिचे बॉनेट उतरवून भिंतीला टेकवलेले असते, इंजिन लाकडी ओंडक्यांवर, गाद्या माळ्यावर आणि नटबोल्ट पत्र्याच्या डब्यांत. आजोबांनी किंवा वडिलांनी हौसेने घेतलेली ही गाडी पुन्हा पूर्वीसारखी करायची, अशा निश्चयाने घरातल्या कोणीतरी तिला हात घातलेला असतो. पहिले काही महिने उत्साहात जातात. मग दुकानाचा हंगाम येतो, घरात लग्न निघते, पावसाळा लागतो आणि ताडपत्री पुन्हा ओढली जाते. दर दिवाळीच्या साफसफाईत घरातून एकच विचारणा होते, "अहो, त्या गाडीचं काय ते एकदा ठरवा ना!" उत्तरही दर वर्षी तेच असते, "या वर्षी नक्की पुरी करतो."

वाड्यातली वयोवृद्ध मंडळी हा संवाद ऐकून गप्प राहतात. ज्यांनी ती गाडी नवी असताना चालवली, त्यांच्या हयातीत ती पुन्हा उंबऱ्यासमोर उभी राहील की नाही, हा खरा प्रश्न असतो आणि तो कोणी मोठ्याने विचारत नाही.

जुनी मोटार घरच्या घरी पूर्वरूपात आणण्याचे काम कौशल्याअभावी क्वचितच अडते. कौशल्य शिकता येते, नाहीतर विकत घेता येते. पैशाअभावीही ते वाटते तितके अडत नाही, कारण खर्च हप्त्याहप्त्याने होतो. ते अडते मधल्या लांबलचक टप्प्यावर, जिथे श्रम रोज होतात आणि डोळ्यांना फळ काहीच दिसत नाही. हा टप्पा ओलांडण्यासाठी लागणारी चिकाटी कुठून आणायची, हे या गाडीच्या जन्मकथेपासूनच पाहण्यासारखे आहे.

कुर्ल्याच्या कारखान्यामागची चिकाटी

भारतात ही फियाट बनली ती मुंबईतील कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये. या कंपनीचे संस्थापक सेठ वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापूरच्या व्यापारी घराण्यात झाला. वडिलोपार्जित कापसाच्या आणि सावकारीच्या धंद्यात मन रमेना म्हणून ते रेल्वेच्या बांधकाम कंत्राटांकडे वळले. पुढे १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या रूपाने भारतीय मालकीची सागरी वाहतूक उभी करण्यात त्यांनी पुढाकार घेतला आणि १९४० साली बंगळूरला विमानांचा कारखाना काढला.

मोटारीचा कारखाना मात्र त्यांना सहज मिळाला नाही. १९३९ साली ते याच कामासाठी अमेरिकेला गेले आणि तिथल्या मोटार कंपन्यांशी त्यांनी बोलणी केली. क्रायस्लर कंपनीशी सहकार्याचा मार्ग निघाला, पण महायुद्धाचे दिवस आणि परक्या सरकारची अनास्था आड आली. कंपनी स्थापन व्हायला १९४४ साल उजाडले आणि कुर्ल्याहून पहिली मोटार बाहेर पडायला १९४७. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी संबंध जुळला. १९५३ साली इटलीत आलेली फियाट ११०० वर्षभरात कुर्ल्यातही तयार होऊ लागली, पण ती पाहायला वालचंदशेठ नव्हते. एप्रिल १९५३ मध्ये त्यांचे निधन झाले होते.

त्याच गाडीची सुधारित आवृत्ती १९६४ साली 'फियाट ११०० डिलाइट' म्हणून आली आणि १९७० च्या दशकात तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले. लोकांच्या तोंडी मात्र ती शेवटपर्यंत फियाटच राहिली. परवान्यांच्या त्या काळात गाडीची नोंदणी करून नंबर लागेपर्यंत वर्षे वाट पाहावी लागे. म्हणून या गाडीची पावती आणि पहिल्या दिवसाचा फोटो आजही अनेक घरांत जपून ठेवलेला आढळतो. ज्या गाडीसाठी एका पिढीने इतकी वाट पाहिली, तिच्या दुरुस्तीसाठी पुढच्या पिढीला थोडी वाट पाहावी लागली, तर ते तिच्या स्वभावाला धरूनच म्हणावे लागेल.

उघडण्यापूर्वी

अपुऱ्या राहिलेल्या गाड्यांची चूक बहुधा पहिल्याच दिवशी झालेली असते. पाना हातात येतो आणि गाडी उघडली जाते. खरे तर पहिले काम कागदांचे असते. गाडी आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर वारसाच्या नावे हस्तांतर करण्यासाठी परिवहन कार्यालयाचा नमुना ३१ भरावा लागतो. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि त्यापुढे दर ५ वर्षांनी तिचे नूतनीकरण करावे लागते. दुरुस्ती लांबत गेली, की विलंबाचा दंडही वाढत जातो. चेसिस आणि इंजिनावरचे क्रमांक नोंदणीपुस्तकाशी जुळतात की नाही, हेही गाडी उघडण्यापूर्वीच ताडून पाहिले पाहिजे. गहाणखताशिवाय कर्ज देऊ नये, तसे कागदाशिवाय जुन्या गाडीत भांडवल घालू नये.

दुसरे काम पत्र्याच्या तपासणीचे. फियाट ११०० ला ट्रकसारखी स्वतंत्र चौकट नाही. तळाचा पत्रा, दारांखालचे लांब पोकळ पट्टे आणि खांब मिळूनच तिचा सांगाडा होतो. त्यामुळे दाराखाली गंज दिसला, तर तो केवळ शोभेचा दोष नसतो, गाडीचा कणाच खंगलेला असतो. रंगाचा फुगवटा पेचकसाच्या टोकाने हलकेच टोचून पाहिला, की आतला पत्रा किती उरला आहे ते कळते. गाडीखाली शिरण्यापूर्वी ती केवळ जॅकवर न ठेवता मजबूत लोखंडी घोड्यांवर टेकवावी, हे सांगण्याची वेळ येऊ नये. तरीही ते सांगावेच लागते.

या तपासणीनंतर एका कागदावर तीन रकाने पाडावेत: घरी होणारी कामे, कारागिराकडे द्यायची कामे आणि मिळवायचे सुटे भाग. या तिन्ही रकान्यांकडे पाहून घरच्यांशी बोलून हो किंवा नाही ठरवावे. नाही म्हणण्यात कमीपणा नाही. जुळलेल्या जुन्या गाडीला गिऱ्हाईक मिळते, दुरुस्त झालेल्या गाडीला तर मिळतेच. डब्यांत भरलेल्या उघड्या गाडीला मात्र घेणारा सापडत नाही, सापडला तर तो भंगाराच्या भावाने मागतो. म्हणजे ज्या क्षणी गाडी उघडली, त्या क्षणी तिची किंमत खाली आली. ती भरून निघते फक्त काम पुरे झाल्यावर.

मधला टप्पा

गाडी उघडणे सोपे असते. फियाटचे नटबोल्ट मिलिमीटरच्या मापाचे, इंजिन १,०८९ सीसीचे, आटोपशीर आणि समजायला सरळ. चार-सहा रविवारांत सांगाडा मोकळा होतो, शेजारीपाजारी येऊन कौतुक करतात. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी त्याचा फोटो घेणे आणि त्याचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत घालून वर चिठ्ठी लावणे, ही शिस्त याच दिवसांत कंटाळवाणी वाटते. 'लक्षात राहील' या भरवशावर टाकलेल्या पिशव्या दोन वर्षांनी उघडल्या, की एकही बोल्ट ओळख देत नाही. पुष्कळ गाड्या इथेच संपतात.

मग सुरू होते गंजाचे काम. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पत्र्यांच्या जोडात शिरला, की तो त्यांना आतून फाकवतो. त्यावर लांबी भरून रंग मारला, तर गाडी एक पावसाळा देखणी दिसते आणि दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा फुगते. कुजलेला पत्रा कापून नवा जोडणे हाच खरा उपाय. पण दाराखालचा पट्टा कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत तात्पुरते आडवे गज वेल्डिंगने जोडून घ्यावे लागतात, नाहीतर सांगाडा किंचित वाकतो आणि नंतर दारे म्हणून बसत नाहीत. एक बाजू पुरी केल्याशिवाय दुसरीला हात लावायचा नाही. अशा एका बाजूला काही महिने लागू शकतात आणि एवढ्या श्रमानंतरही ताडपत्री उचलून पाहणाऱ्याला गाडी पूर्वीपेक्षा वाईटच दिसते.

पावसाळ्याचे चार महिने वेगळी परीक्षा घेतात. घासून उघडा केलेला पत्रा दमट हवेत काही तासांतच तांबूस होतो, म्हणून सकाळी घासलेल्या भागावर त्याच दिवशी प्रायमर चढला पाहिजे. ओलसर हवेत मारलेल्या रंगावर पांढुरकी झाक येऊ शकते. जाणते लोक या महिन्यांत बाहेरच्या रंगाला हात लावत नाहीत. कार्ब्युरेटर उघडून साफ करणे, डायनॅमो तपासणे, वायरिंगचा जुडगा एकेक तार पाहून पुन्हा बांधणे, गाद्या शिवून घेणे, अशी छपराखालची कामे ते पावसाळ्यासाठी राखून ठेवतात. शेतकऱ्याप्रमाणे ऋतू पाहून काम आखले, की पाऊस अडथळा राहत नाही.

सुट्या भागांचा शोध हाही याच टप्प्याचा भाग. इंजिनाचे पिस्टन, रिंगा, बेअरिंगे शोधली तर मिळतात, कारण मुंबईच्या टॅक्सींनी हीच गाडी दशकानुदशके वापरली आणि तिच्या मालाचा बाजार उभा राहिला. खरी वाट पाहायला लावतात ते शोभेचे भाग: क्रोमची पट्टी, काचेभोवतीचे रबर, मूळ नक्षीचे दार-हँडल. त्यांसाठी कुर्ल्याचे जुने पार्टवाले, चोरबाजार, दिल्लीचे काश्मिरी गेट अशा फेऱ्या होतात. सोबत जुना भाग नेला नाही, तर 'तसाच' म्हणून घेतलेला नवा भाग घरी येऊन अर्ध्या इंचाने चुकतो. लेथवाल्याकडे दिलेले काम 'उद्या या' म्हणत महिनाभर लांबते. इथे चिडून काम हिसकावून घेणाऱ्यापेक्षा दर शनिवारी जाऊन शांतपणे चौकशी करणाऱ्याचे काम आधी होते.

रोजकीर्द आणि नियम

वाणिज्यशास्त्रात 'बुडीत खर्च' अशी एक संकल्पना आहे. जो पैसा खर्च होऊन गेला, तो परत येणार नसेल, तर पुढचा निर्णय घेताना तो मोजू नये, असे ती सांगते. आजवर किती घातले, हे आठवून हळहळणारा मालक आणखी चुकीचा खर्च तरी करतो किंवा वैतागून काम तरी सोडतो. विचारायचा प्रश्न एकच असतो: आजपासून पुरे करायला किती लागेल आणि पुरे झाल्यावर हाती काय येईल? हे उत्तर देता यावे म्हणून हिशेब हवा. व्यापारी घरात दुकानाची रोजकीर्द एक दिवसही चुकत नाही, पण अंगणातल्या गाडीचा हिशेब मात्र चिठ्ठ्याचपाट्यांवर असतो. गाडीला स्वतःची वही असावी. तीत खर्चाबरोबर त्या दिवशीचे कामही लिहावे: 'डाव्या मागच्या चाकाचा ब्रेक सिलिंडर उघडला, रबर बदलले.' मधल्या काळात गाडी पुढे गेलेली दिसत नाही, पण वहीची पाने पुढे गेलेली दिसतात. थांबलेले काम तीन महिन्यांनी पुन्हा हाती घेताना कुठे थांबलो होतो, हेही तीच सांगते.

दुसरी गोष्ट नियमाची. महिन्यातून एकदा दिवसभर राबण्यापेक्षा रोज अर्धा तास गाडीपाशी बसणे अधिक फळते. अर्ध्या तासात एक बिजागरी साफ होते, एक पट्टी घासून होते. शिवाय रोज नजर पडणारी गाडी घराचा भाग राहते, महिन्यातून एकदा दिसणारी अडगळ होते. कामाचे लहान, पूर्ण होऊ शकतील असे घटक पाडावेत. 'ब्रेक' हा घटक मोठा, 'एका चाकाचा ब्रेक' हा योग्य. एक घटक साफ, दुरुस्त, रंगवून, कागदात गुंडाळून फळीवर ठेवला, की मगच दुसरा उघडावा. अशी भरत जाणारी फळी पाहणाऱ्याला दिलासा देते.

घाई आणि बेपर्वाई यांची किंमत इथे शरीराला मोजावी लागते. जुन्या ब्रेकच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. म्हणून ड्रममधली धूळ हवेने न उडवता, तोंडावर योग्य मास्क लावून ती ओल्या फडक्याने टिपावी. पेट्रोलची रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण आत वाफ साठलेली असते. तिचे वेल्डिंग घरी कधीही करू नये.

मोह टाळण्याचा कायदेशीर लाभ

मधल्या टप्प्यावर एक मोह हमखास उभा राहतो. कोणीतरी सुचवतो, "शेठ, कशाला त्या जुन्या इंजिनाच्या मागे लागता? नवीन गाडीचं इंजिन टाका, आठ दिवसांत रस्त्यावर!" गाडी धावेल हे खरे, पण ती आजोबांची गाडी राहणार नाही. शिवाय त्यात एक व्यवहारी तोटाही आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून 'व्हिंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणीची सोय केली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून अधिक काळ झालेल्या, मूळ रूपात जपलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांना ती मिळते. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा बदल केलेले वाहन तिला पात्र ठरत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५,००० रुपये, असे त्या नियमांत ठरवले होते. अशा गाडीच्या क्रमांकात 'व्हीए' ही अक्षरे येतात. ती रोजच्या वापरासाठी किंवा धंद्यासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, व्हिंटेज रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठीच आणता येते. १९७४ साली नोंदलेल्या गाडीने २०२४ मध्ये ही पन्नाशी गाठली आहे. पन्नास वर्षे टिकलेले मूळपण आठ दिवसांच्या घाईसाठी घालवणे, हा सौदा कोणत्याही पेढीवर तोट्याचाच ठरेल.

शेवटचा दहावा हिस्सा

रंग होऊन गाडी उभी राहिली, की काम संपले असे वाटते. प्रत्यक्षात जोडणी उघडणीपेक्षा कितीतरी अधिक वेळ घेते. दारे एका रेषेत बसवणे, काचांची रबरे चढवणे, दिव्यांच्या तारा जोडणे, यांत बोटे दुखतात आणि नव्या रंगाला ओरखडे पडण्याची भीती असते. ब्रेक ऑइलचा एक थेंबही रंग खातो. या टप्प्यावर 'चालतंय की' म्हणून सोडलेली लहान कामे पुढे कधीच होत नाहीत. उरलेल्या कामांची यादी भिंतीवर लावून रोज एक खोडत जाणे, हा साधा उपाय इथे उपयोगी पडतो.

इंजिन सुरू करण्याची उत्सुकता घरातल्या लहानथोर सर्वांना असते. पण जाणता माणूस आधी चारही चाकांचे ब्रेक पुरे करतो. थांबवता आली तरच गाडी चालवावी. मग वर्षानुवर्षे टाकीत राहून डिंकासारखे झालेले पेट्रोल काढून टाकी धुतली जाते, सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवून पाहिले जाते आणि नंतरच किल्ली फिरते. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होत नाही. दोन-चार खोकले, थोडा धूर आणि मग फियाटचा तो ओळखीचा, घरातल्या ज्येष्ठांच्या कानात चाळीस वर्षे राहिलेला आवाज.

मुंबईच्या रस्त्यांवरून ही गाडी आता निघून गेली आहे. काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींपैकी शेवटची ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि टॅक्सींसाठीच्या २० वर्षांच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस तीही थांबली. त्यामुळे कुर्ल्याच्या त्या कारखान्याची आठवण आता उरली आहे ती बहुतांशी घराघरांतल्या अशा गाड्यांत. त्यांतल्या किती पुन्हा धावतील, हे ताडपत्री उचलणाऱ्या हातांवर अवलंबून आहे.

येत्या दिवाळीला नव्या वह्या येतील. त्यांत एक पातळशी वही अधिक आणावी, पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक लिहावा आणि खाली पहिली नोंद करावी: 'आज ताडपत्री काढली. डब्यातले नटबोल्ट मोजून पिशव्यांत भरले.' वाड्यातल्या वडीलधाऱ्यांना ते पान दाखवावे. ते फारसे बोलणार नाहीत, पण दुसऱ्या दिवशी काठी टेकत अंगणात येऊन, खुर्ची ओढून गाडीजवळ बसतील.